रहस्य आधी, अ‍ॅनिमे नंतर: इंदूरमध्ये पहिली विनोदी डिटेक्टिव्ह वेब सिरीज करणाऱ्यांसाठी

इंदुरातल्या बऱ्याच मराठी घरांत रात्री नऊनंतर दोन टोळ्या पडतात. एक हॉलमध्ये, पोलीस-डिटेक्टिव्ह मालिका बघणारी. दुसरी आतल्या खोलीत, हेडफोन लावून जपानी कार्टून मालिका म्हणजेच अ‍ॅनिमे बघणारी. या दोघांना एका सोफ्यावर बसवून हसवेल अशी वेब सिरीज करावी, हे सुचायला वेळ लागत नाही. पण सुरुवात कुठून करायची, परवानगी कोणाची घ्यायची, कोणतं संगीत चालतं आणि कोणतं अंगाशी येतं, हे विचारायला कोणी भेटत नाही. आम्ही काही मित्रांनी मिळून अशी एक छोटी सिरीज केली, रामबाग आणि लोकमान्य नगरातल्या नातेवाइकांच्या घरांत, मराठी आणि इंदुरी हिंदीच्या मिश्रणात. तेव्हापासून भेटणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, ‘कॅमेरा कुठला वापरला?’ त्याचं उत्तर या लेखात आठव्या क्रमांकावर आहे आणि तेही थोडक्यात, कारण त्याची लायकी तेवढीच आहे.

हे मिश्रण काही नवं नाही, हेही सुरुवातीलाच मान्य करून टाका. ‘डिटेक्टिव्ह कोनान’ ही रहस्याची अ‍ॅनिमे मालिका जपानी टीव्हीवर १९९६ पासून चालू आहे. आपल्याकडे अ‍ॅनिमॅक्स चॅनेल २००४ मध्ये आलं, म्हणजे अ‍ॅनिमे बघत मोठी झालेली मंडळी आता पस्तिशीकडे झुकली आहेत. त्यामुळे ‘दोन प्रकार एकत्र केले’ एवढ्यावर कोणी हसणार नाही. नवं असेल ते तुमचं घर, तुमची गल्ली आणि तुमची माणसं.

१. आधी चोरी लिहा

बहुतेक गट पहिल्या बैठकीत विनोदांची यादी करतात. निळे केस, हल्ला करण्याआधी हल्ल्याचं नाव ओरडून सांगणारा हिरो, उगाच दार तोडणारा इन्स्पेक्टर. यातून दोन मिनिटांचं रील निघतं, एपिसोड निघत नाही. दहा मिनिटं माणूस बसून राहतो तो ‘कोणी केलं?’ या प्रश्नासाठी.

म्हणून एका कागदावर पाच ओळी लिहा: काय गेलं, कोणी नेलं, का नेलं, कसं नेलं आणि नेताना मागे काय राहिलं. या पाच ओळी पक्क्या होईपर्यंत एकही विनोद लिहू नका. पहिल्या सिरीजमध्ये खूनही नको. खून आला की रडणारे नातेवाईक आले, पोस्टमॉर्टेम आलं, खऱ्या पोलिसांची कार्यपद्धती आली आणि हसणं अवघड झालं. काहीतरी हरवलं, गायब झालं, बदललं गेलं, एवढं पुरतं.

आमच्या एका एपिसोडचा सांगाडा सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल. घरात महालक्ष्म्या बसल्या आहेत. आरास मांडताना बारावीतल्या मुलाने लाकडी बाहुल्यांच्या शेजारी आपली लाडकी अ‍ॅनिमे फिगर, म्हणजे नायिकेची छोटी मूर्ती, उभी केली आहे. संध्याकाळी हळदी-कुंकवाला बायका येऊन जातात आणि फिगर गायब. हळदी-कुंकवाला कोण कोण आलं, ही यादी घरात असतेच. तीच संशयितांची यादी. मोरीजवळच्या पंच्यावर लाल डाग सापडतो. मुलगा ‘रक्त!’ म्हणून ओरडतो, मालिका बघून बघून अर्धे फॉरेन्सिक तज्ज्ञ झालेले काका मान डोलावतात.

डाग हळदीचा असतो. हळदीला साबणाचा क्षार लागला की ती लालसर तपकिरी होते. कपडे धुण्याच्या वडीने हे लगेच दिसतं, बेसिनवरच्या लिक्विड हँडवॉशने सहसा दिसत नाही. आणि त्या घरात मोरीवर जाऊन वडीने हात धुणारी एकच व्यक्ती आहे: आजी. एवढ्या बायका येणार आणि ही पोर देवीसमोर असल्या तोकड्या कपड्यांत उभी, हे आजीला बघवलं नाही. तिने फिगर उचलली, आपल्या समाधानासाठी तिला हळद-कुंकू लावलं आणि आतल्या खोलीत खणाच्या तुकड्यातून तिच्यासाठी परकर-पोलकं शिवायला बसली.

इथे विनोद वेगळा लिहावा लागला नाही. चोरीचं कारणच हसवतं. तुमच्या पाच ओळींत असं कारण सापडलं नाही, तर गोष्ट बदला, संवाद घासत बसू नका.

पुराव्यांबद्दल एक नियम कडक पाळा. उलगडा होण्याआधी प्रत्येक पुरावा पडद्यावर येऊन गेलेला असला पाहिजे. आमचे तीन होते: सगळ्यांना दिसणारा डाग, सगळ्यांनी बघून दुर्लक्ष केलेले हळदी-कुंकवाचे फोटो, आणि फक्त ऐकू येणारं शिलाई मशीन. शेवटी एकदम ‘खरं तर आजीला शिवणाची आवड होती’ असं सांगितलंत तर प्रेक्षक चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं. पुराव्यात रसायन, औषध, कुलूप असं काही असेल तर लिहिण्याआधी घरी करून बघा. हळद आणि वडीचा प्रयोग स्वयंपाकघरात पाच मिनिटांत होतो. पंचा मात्र जुना घ्या.

२. फॅनला मूर्ख करू नका

अ‍ॅनिमेवेडं पात्र लिहिताना सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे त्याला विचित्र, एकलकोंडं आणि हास्यास्पद करणं. तो टाळा. ज्यांनी तुमची लिंक पुढे पाठवायची, त्यांचीच तुम्ही टिंगल करत असता.

त्याऐवजी त्याच्या सवयींना तपासाची पद्धत बनवा. अ‍ॅनिमे बघणारा माणूस फ्रेम थांबवून कोपऱ्यातला तपशील बघतो, ओपनिंगमध्ये, म्हणजे शीर्षकगीतात, पुढच्या कथेचे इशारे शोधतो, एखाद्या पात्राने कपडे बदलले तर का बदलले यावर तासभर वाद घालतो. याच सवयीने आमचा मुलगा हळदी-कुंकवाचे फोटो एकामागोमाग लावतो: एकात फिगर आहे, पुढच्यात नाही, आणि दोन्हींच्या मधल्या वेळात आजीची खुर्ची रिकामी आहे. काकांना पोलिसी मालिकांतून आलेलं ज्ञान उपयोगी पडतं ते संशयितांना एका खोलीत गोळा करायला. मुलगा आणि काका दोघंही अर्धेच हुशार आहेत, म्हणून दोघंही लागतात.

स्क्रिप्ट झाली की दोघांना वाचायला द्या. एक, ज्याने अ‍ॅनिमे कधी बघितलेला नाही. त्याला चोरी कळली पाहिजे, हसू निम्म्या ठिकाणी आलं तरी चालेल. दुसरा कट्टर फॅन. तो कुठे तोंड वाकडं करतो ते बघा आणि ती जागा काढून टाका. ‘हे आईला समजणार नाही’ आणि ‘हे फॅनला पटणार नाही’ या दोन्ही तक्रारी एकाच प्रसंगावर आल्या, तर तो प्रसंग कितीही आवडता असला तरी जाऊ द्या.

भाषा आपण बोलतो तीच ठेवा. घरात मराठी, दारात आलेल्या माणसाशी हिंदी, मित्राला ‘भिया’. पुस्तकी पुणेरी मराठी इंदूरच्या तोंडी घातलीत तर पहिल्याच वाक्याला खोटं वाटेल. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकासाठी सबटायटल आहेतच.

३. तुमच्या पात्रांसाठी एक खोटा अ‍ॅनिमे तयार करा

हा टप्पा गाळलात तर पुढे सगळ्यात जास्त त्रास इथूनच होतो.

खऱ्या अ‍ॅनिमेची क्लिप, ओपनिंगचं गाणं, पात्राचं चित्र, लोगो यातलं काहीही वापरू नका. ‘दहा सेकंद चालतात’ ही अफवा आहे, कायद्यात सेकंदांची अशी कुठलीही सूट नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ टीका, परीक्षण, खासगी वापर, बातम्या अशा कामांसाठी मर्यादित वापराला मोकळीक देतं. विडंबनाचं नाव त्यात वेगळं घेतलेलं नाही. वकील लावून भांडता येईल, पण पहिल्या सिरीजच्या बजेटमध्ये वकील बसत नाही. गाणं स्वतः बासरीवर वाजवलं तरी मूळ चाल दुसऱ्याची असते, त्यामुळे तीही पळवाट नाही. पोलिसी मालिकांच्या शीर्षकसंगीताचंही तेच.

उलट बाजूही माहीत असू द्या. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो. १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलेलं आहे. निळ्या केसांची मुलगी, बोलणारं मांजर, चष्मा चमकवणारा हुशार मुलगा, हे कोणाच्या एकट्याच्या मालकीचे नाहीत. तेव्हा पात्रांना वेड लागलेला अ‍ॅनिमे तुम्हीच बनवा. नाव, नायिका, शत्रू, तीन-चार गाजलेले प्रसंग आणि चाहत्यांमधला एक कायमचा वाद एवढं ठरलं की पुरे. पडद्यावर तो जवळजवळ दाखवावाच लागत नाही, त्याबद्दलची भांडणं दाखवायची. आमची फिगरसुद्धा मातीची होती, घरी घडवलेली आणि गणपती रंगवणाऱ्याकडून रंगवून घेतलेली. विकतची घेतली असती तर तिच्यावर कंपनीचा हक्क, आणि वर आजीने तिला परकर घातलेला.

तुमची स्क्रिप्ट दुसऱ्याने उचलू नये म्हणून मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन ती ऑनलाइन नोंदवता येते. नोंदणीने हक्क तयार होत नाही, तो लिहिल्याक्षणीच असतो. पण कोणत्या तारखेला काय लिहिलेलं होतं याचा पुरावा राहतो.

४. कागदपत्रं

मित्रांत कसले कागद, असं वाटतं. व्हिडिओ चालला नाही तर खरंच लागत नाहीत. चालला तर लागतात. शूटिंगच्या आधी एका फाइलमध्ये हे गोळा करा:

– प्रत्येक कलाकाराचं सहीचं संमतिपत्र: चेहरा, आवाज आणि अभिनय या सिरीजसाठी व तिच्या जाहिरातीसाठी वापरायला परवानगी, मानधन किती किंवा नाही.
– लेखक, संगीतकार, चित्रकार, एडिटर यांच्याशी लेखी करार.
– घरमालकाचं ना-हरकत पत्र, तारीख आणि वेळेसह. भाड्याचं घर असेल तर भाडेकरूचं पुरत नाही.
– सार्वजनिक जागेच्या परवानगीची प्रत, छापलेली. सेटवर मोबाइलची बॅटरी आधी संपते.
– मुलं असतील तर त्यांचे वेगळे कागद, खाली सांगतो ते.
– चॅनेल ज्याच्या नावावर, त्याचं पॅन आणि बँक खातं. चॅनेल कोणाच्या नावावर, हे शूटिंगच्या आधी ठरवा. मैत्री तुटण्याची ही ठरलेली जागा आहे.

संगीतकाराच्या करारात एक खाच आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. यूट्यूब जगभर दिसतं आणि व्हिडिओ दहा वर्षांनीही तिथेच असतो. म्हणून मुदत आणि ‘संपूर्ण जग’ हे दोन शब्द करारात आलेच पाहिजेत. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत जाऊ शकतो, तेव्हा वेगळं काही ठरलं असेल तर तेही लिहा.

चौदा वर्षांखालच्या मुलाकडून काम करून घेणार असाल तर बालकामगार कायद्याचे नियम लागू होतात. शूटिंग ज्या जिल्ह्यात, तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसात पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त विश्रांतीशिवाय नाही, आणि मिळकतीचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने मुदत ठेवीत टाकायचा. यातून सुटण्याचा सरळ मार्ग म्हणजे शाळकरी पात्राला बारावीत किंवा कॉलेजात घाला आणि अठरा पूर्ण झालेला नट घ्या. शेजारच्या पिंट्याचा हट्ट असला तरी.

५. जागा

पहिला एपिसोड घरात करा. वाडा मिळाला तर उत्तम: जिना, माजघर, एकाला लागून एक दारं, लपायला जागा आणि आतून ऐकू येणारे आवाज, रहस्याला लागतं ते सगळं तयार.

राजवाडा आणि होळकरांच्या छत्र्या मागे दिसाव्यात असा मोह सगळ्यांना होतो. राजवाडा, लालबाग यांसारख्या वास्तूंत ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी काढा. मध्य प्रदेशाचं फिल्म पर्यटन धोरण आहे आणि शूटिंगच्या परवानग्यांसाठी टुरिझम बोर्डाचा फिल्म कक्ष ऑनलाइन अर्ज घेतो. रस्ता अडणार असेल तर पोलीस आणि महापालिका वेगळी. इंदुरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे, तरी छोट्या कामासाठी आधी आपल्या भागाच्या ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या.

डिटेक्टिव्ह विनोदात दोन वस्तू हमखास येतात, खेळण्यातलं पिस्तूल आणि पोलिसाची वर्दी. दोन्ही बंद दाराआड ठेवा. शूटिंग चालू नसताना वर्दी घालून चहा प्यायला बाहेर जायचं नाही, गंमत म्हणूनही नाही. फसवण्याच्या हेतूने सरकारी वर्दी घालणं गुन्हा आहे, आणि हेतू काय होता हे रस्त्यावर जमलेल्या गर्दीला समजावून सांगायची वेळ कोणावर येऊ नये. आमचा इन्स्पेक्टर साध्या सफारीत होता. जास्त विनोदी दिसला.

सराफा दिवसा सोन्या-चांदीचा बाजार आणि रात्री खाऊगल्ली, कॅमेऱ्यात सुंदर येतो. पण तिथे संवाद रेकॉर्ड करण्याचा नाद सोडा. चित्र तिथे घ्या, बोलणं घरात.

६. माणसं आणि कपडे

इंदूरला मराठी नाटकाचा चांगला प्रेक्षक आहे आणि हौशी नटही आहेत. ‘सानंद’ या संस्थेची नाटकं, मंडळांच्या एकांकिका, गणेशोत्सवातले कार्यक्रम इथे चार संध्याकाळी काढल्या तर आजी, काका, आत्या मिळतात. रंगमंचाच्या नटांना एकच सूचना सतत द्यावी लागते: शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा नाही, माइक गळ्याशी आहे. फॅनच्या भूमिकेला मात्र खरा फॅन घ्या. पाठ केलेलं वेड लगेच ओळखू येतं.

कापड एमटी क्लॉथ मार्केटमधून घ्या, तयार मिळण्यासारखं असेल तर सीतलामाता बाजारात. शाळांच्या गॅदरिंगला ड्रेस भाड्याने देणाऱ्या दुकानात एकदा डोकावा, राजपुत्राच्या पोशाखातून निम्मा अ‍ॅनिमे खलनायक तयार होतो. चिलखत, तलवार यांसाठी ईव्हीए फोमच्या शीट कापून चिकटवतात. कापायला नवं ब्लेड लागतं, बोथट ब्लेडने कडा फाटतात.

विग सिंथेटिक असतो. त्याला केस सरळ करायची इस्त्री लावली की तो वितळतो. ‘हीट रेझिस्टंट’ लिहिलेला असेल तरच, आणि कमी आचेवर. इंदुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा विगचे प्रसंग सकाळीच उरका. रंगीत लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाच्या डोळ्यात घालू नका, आणि एकाची दुसऱ्याला तर कधीच नाही.

७. आवाज

खर्च करायचा तर इथे. धूसर चित्र लोक सहन करतात, न कळणारा संवाद नाही. रहस्यकथेत एक शब्द निसटला की पुरावा निसटला.

कॉलरला लावायचा माइक प्रत्येक बोलणाऱ्यासाठी वेगळा घ्या. वायरलेस परवडत नसेल तर साधा वायरचा माइक जुन्या मोबाइलला जोडून तो नटाच्या खिशात ठेवा आणि रेकॉर्डिंग चालू करा. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, एडिटमध्ये चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळतात. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, व्हिडिओचंही तेच असतं. प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. कापलेल्या संवादांमधली भगदाडं बुजवायला ती लागते.

पंखा बंद. फ्रिज बंद, आणि स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये, म्हणजे घरी जाताना तो परत चालू करायची आठवण राहते. कुकरच्या शिट्ट्यांची वेळ आजींना विचारून घ्या. सकाळी महापालिकेची कचरा गाडी गाणं वाजवत येते, तेव्हा थांबाच. आवाज खराब होतो हे एक, आणि ते गाणं तुमच्या ट्रॅकवर आलं तर उद्या त्यावर हक्क सांगितला जाऊ शकतो हे दुसरं.

जो आवाज पुरावा आहे तो वेगळा रेकॉर्ड करा. आमचं शिलाई मशीन रिकाम्या खोलीत, दार बंद करून, दाराबाहेरून आणि अगदी जवळून असं तीन प्रकारे घेतलं होतं. हळदी-कुंकवाच्या गलबल्यात ते इतकं हळू ठेवायचं की पहिल्यांदा बघणाऱ्याला ऐकू येईल पण लक्षात येणार नाही. याला एडिटमध्ये वेळ द्या. मोबाइलच्या स्पीकरवर, स्वस्त इअरफोनवर आणि टीव्हीवर, तिन्हीकडे ऐकून पातळी ठरवा. मोबाइलचा स्पीकर खालच्या पट्टीतले आवाज गिळतो, म्हणून मशीनची घरघर कमी आणि सुईची टकटक जास्त ठेवावी लागते.

८. कॅमेरा

मोबाइल चालतो. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे या आकड्यांवर ट्यूबलाइट आणि एलईडी लुकलुकत नाहीत. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. मोबाइलचा फ्रेमरेट मधेच कमी-जास्त होत असेल तर हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर फ्रेमरेटवर काढून मगच एडिटला घ्या, नाहीतर आवाज हळूहळू ओठांच्या पुढे पळतो. ट्रायपॉड लागतोच. बाकी पैसे वाचवा आणि सातव्या क्रमांकावर परत जा.

९. अ‍ॅनिमेचा परिणाम कॅमेऱ्यासमोरच घडवा

टीव्हीवरचा अ‍ॅनिमे स्वस्तात का होतो हे समजून घेतलंत तर तुमचंही स्वस्तात होईल. सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी एक चित्र बहुतेक वेळा दोन किंवा तीन फ्रेम टिकवतात. पात्र स्थिर उभं राहतं, फक्त ओठ हलतात, केस उडतात किंवा मागच्या रेषा धावतात. तीन सेकंदांच्या घटनेत दोन मिनिटांचं स्वगत बसतं.

हे सगळं नटाला प्रत्यक्ष करायला सांगा. मुलगा बोट दाखवून थिजतो, एक जण खालून टेबल फॅनने त्याचे केस उडवतो, मनातला आवाज वरून येतो. खरी गंमत तेव्हा येते जेव्हा घरातली बाकी माणसं थिजत नाहीत. तो गंभीर आवाजात ‘गुन्हेगार याच खोलीत आहे’ असा विचार करतोय आणि आई त्याच्या ताणलेल्या हातावर वाळलेले टॉवेल टाकून निघून जाते. कपाळावरचा घामाचा थेंब निळ्या कार्डशीटचा कापून दुहेरी टेपने चिकटवा. तो पडला तर टेक थांबवू नका.

डिटेक्टिव्ह मालिकांच्या बाजूने तेच. एका चेहऱ्यावर तीन कोनांतून तीन झूम घ्या, पण तिसऱ्या झूमपर्यंत तो माणूस कंटाळून पोहे खाऊ लागलेला असू दे. दार तोडायचा प्रसंग वाड्यात करणार असाल तर जुन्या सागवानी दारावर नटाचा खांदा खरोखर आपटू देऊ नका. दार आतल्या बाजूला नाही, बाहेर ओढून उघडतं हे काकांना शेवटी कळतं, एवढं पुरे.

अशा युक्त्या एका एपिसोडमध्ये चार-पाचच ठेवा. प्रत्येक वाक्याला धावत्या रेषा आल्या की उलगड्याच्या वेळी हातात काही उरत नाही.

१०. एडिट, शीर्षकं, सबटायटल

दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते. देवनागरी शीर्षकांसाठी बलू, मुक्ता, नोटो सान्स यांसारखे खुल्या परवान्याचे फाँट घ्या. इंटरनेटवरून उचललेल्या ‘जपानी स्टाइल’ फाँटचा परवाना कोणाकडेच नसतो. शीर्षक टाकल्यावर जोडाक्षरं फुटली आहेत का, वेलांट्या जागेवर आहेत का ते बघा. अडोबी प्रीमिअरमध्ये सेटिंग्जमधलं टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांसाठी बदलावं लागतं. तरी नाहीच जमलं तर इंकस्केपमध्ये शीर्षक बनवून पारदर्शक पीएनजी टाका.

ओपनिंगला जपानी मालिका साधारण दीड मिनिट देतात. तुम्ही वीस सेकंद द्या. मध्यंतराची छोटी पाटी मात्र ठेवा, पुरावा पुन्हा एकदा नजरेखालून घालायला ती उत्तम जागा आहे.

सबटायटल दोन ओळींच्या वर नको, आणि उलगड्याचं वाक्य नटाच्या तोंडून येण्याआधी पडद्यावर येऊ देऊ नका. ऐकू येणारा पुरावा असेल तर ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ‘दुरून मशीनचा आवाज’ असं लिहावंच लागेल. इतर आवाजांचीही तशीच नोंद करा, म्हणजे तो एकटा उठून दिसणार नाही.

११. अपलोड करताना

यूट्यूबसाठी सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागत नाही, ते चित्रपटगृहातल्या प्रदर्शनासाठी असतं. पण अपलोडच्या वेळी ‘हे खास मुलांसाठी बनवलं आहे का?’ असा प्रश्न येतो. अ‍ॅनिमे म्हणजे मुलांचं, असं समजून घाईत ‘हो’ केलंत तर कॉमेंट बंद होतात आणि जाहिरातींवरही मर्यादा येते. सिरीज मोठ्यांसाठी असेल तर उत्तर ‘नाही’.

व्हिडिओ आधी ‘अनलिस्टेड’ (फक्त लिंक असलेल्यांना दिसेल असा) टाका आणि एक-दोन दिवस थांबा. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा कोणाचं संगीत ओळखत असेल तर ते आताच कळेल. क्लेम आणि स्ट्राइक यांत गल्लत करू नका. क्लेममध्ये बहुधा जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे जातात किंवा काही देशांत व्हिडिओ दिसत नाही. स्ट्राइक म्हणजे हक्कदाराने केलेली काढून टाकण्याची मागणी. नव्वद दिवसांत तीन झाले तर चॅनेल जाऊ शकतं. आपल्या संगीतकाराने केलेल्या चालीवर चुकीचा क्लेम आला तर चौथ्या टप्प्यातला करार समोर ठेवून वाद नोंदवा. मात्र क्लेम खरा असेल तर तोंड वर करून वाद घालू नका, ट्रॅक बदला.

पैशांची घाई नको. जाहिरातींचा पूर्ण वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास बघितलं जाणं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यू लागतात. म्हणून एपिसोडमधली थिजण्याची, झूमची तुकडेवजा दृश्यं शॉर्ट्स म्हणून वेगळी टाका, पण उलगडा त्यांत येऊ देऊ नका. थंबनेलवरही नाही. आमच्या पहिल्या थंबनेलच्या मसुद्यात फिगर परकर-पोलक्यात उभी होती आणि सगळ्यांना तो फारच गोड वाटत होता.

पहिला एपिसोड प्रसिद्ध करण्याआधी निदान तीन तयार ठेवा आणि वार ठरवून टाका. सणाचा एपिसोड असेल तर सणाच्या पंधरवडाभर आधी येऊ द्या. ऐन महालक्ष्म्यांच्या दिवशी घरात कोणाला दहा मिनिटं बसायला फुरसत नसते.